स्मिता पाटील यांच्याविषयी न सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी

17 ऑक्टोबरचा जन्मदिवस किंवा 13 डिसेंबरचा स्मृतिदिन आला, की स्मिता पाटील यांच्याविषयी ‘तुम्हाला माहीत नसलेल्या गोष्टी’ मोबाईलवर फिरू लागतात. दूरदर्शनवर बातम्या वाचताना त्या जीन्सवरच साडी गुंडाळत, ‘नमक हलाल’मधलं पावसातलं गाणं त्यांना कसं रुचलं नव्हतं, वगैरे. हे आता शाळकरी पोरांनाही पाठ आहे. (त्या गाण्यातल्या पावसावरून आठवलं. तानसाचं पाणी मुंबई 1892 पासून पिते, पुढे भातसाचंही गेलं. दोन्ही धरणं आमच्या शहापूर तालुक्यातली. आमच्या पाड्यांवरच्या बाया मात्र एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघतात.)

आम्हाला वेगळीच गोष्ट सांगायची आहे. ज्या भूमिकांनी स्मिताताईंना मोठं केलं, त्यातल्या किती भूमिका आमच्या बायांच्या होत्या, हे मोजून बघा. ‘मंथन’मधली बिंदू दलित वस्तीतली. तो सिनेमा गुजरातच्या 5 लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी 2 रुपये देऊन उभा केला. ‘जैत रे जैत’ (1977) मधली चिंधी ठाकरीण. दारुड्या नवऱ्याला सोडून आपल्या मनाच्या माणसाकडे जाणारी. ‘चक्र’मधली अम्मा झोपडपट्टीतली, आणि त्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी केलेल्या ‘सद्गती’त (1981) त्या झुरिया झाल्या. ब्राह्मणाच्या दारात लाकूड फोडता फोडता मेलेल्या दुखी चांभाराची ही बायको. त्या बंद दारासमोरचा तिचा आक्रोश ज्यांनी पाहिला, ते विसरले नसतील.

आणखी एक गंमत बघा. ‘जैत रे जैत’मधला ठाकर नाग्या आणि ‘सद्गती’मधला ब्राह्मण, दोन्ही मोहन आगाशेच! म्हणजे ठाकरही तेच, भटजीही तेच. उलटं कधी झालं का? डोळखांबच्या ठाकरवाडीतला माणूस पडद्यावर भटजी झालेला आम्ही तरी पाहिला नाही.

उलटं झालं तर काय होतं, हे केरळच्या पी. के. रोझी यांना विचारायला हवं होतं. मूकपटाच्या काळात या दलित बाईने ‘विगतकुमारन’मध्ये नायर स्त्रीची भूमिका केली. सवर्णांना ते सोसलं नाही. तिच्यावर हल्ले झाले, तिला तमिळनाडूत पळून जावं लागलं आणि ती पुन्हा पडद्यावर दिसली नाही. सवर्ण घरातल्या नटीने दलित बाई साकारली तर पुरस्कार, दलित बाईने सवर्ण स्त्री साकारली तर परागंदा. याला आम्ही अभिनयाचा प्रश्न म्हणत नाही, हा जातीचा प्रश्न आहे.

स्मिताताईंवर आमचा राग नाही. मंत्र्याची मुलगी असून राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारात वाढलेली ही बाई आमच्या बायांचं दुःख खोटं न करता मांडत होती. सावळ्या रंगाला हिणवणाऱ्या धंद्यात ती सावळीच राहून उभी राहिली. पण ठाकरणीचं काम ठाकरणीला का मिळालं नाही, हे 1977 साली किती समीक्षकांनी विचारलं?

‘त्यांना अभिनय येत नाही’ हे उत्तर आता चालणार नाही. नागराज मंजुळे यांनी ‘फँड्री’साठी केम गावात हलगी वाजवणारा सोमनाथ अवघडे निवडला आणि त्या पोराने राष्ट्रीय पुरस्कार आणला.

तेव्हा नुसत्या आठवणी पुरे. मराठी चित्रपटांना सरकार आमच्याच करातून अनुदान देतं. आदिवासी-दलितांवरचा चित्रपट अनुदानाला आला की लेखनात, दिग्दर्शनात, प्रमुख भूमिकांत त्या समाजाची माणसं किती, हे अर्जातच विचारलं जावं. शहापूर आदिवासी विकास प्रकल्पाच्या आश्रमशाळांत नाट्य आणि कॅमेऱ्याचं प्रशिक्षण सुरू व्हावं. गॅदरिंगला ‘आदिवासी नृत्य’ नाचवून पाहुण्यांना खूश करण्याएवढंच काम आमच्या पोरींना का?

जय भीम!