गोळीऐवजी पेन्सिल द्या

अमेरिकेत ३१ ऑक्टोबरला, म्हणजे सर्व संतांच्या सणाच्या आदल्या रात्री, मुले सोंगे घेऊन दारोदार खाऊ मागतात. हेच हॅलोविन. कुणी परका खाऊत विष घालील, ही तिथल्या आईबापांची जुनी धास्ती. १९७४ साली टेक्सासमध्ये सायनाइडने एक मुलगा दगावला खरा. पण विष देणारा त्याचा सख्खा बाप निघाला!

खरे भय साध्या शेंगदाण्याचे. ज्याला त्याची अॅलर्जी असते त्याचा घसा सुजून श्वास कोंडू शकतो. पिशवी भरून आणायची आणि घरी येताच निम्मी आईच्या हवाली करायची, हे त्या पोराला किती जड जात असेल! शिवाय चार वर्षांखालच्या मुलांच्या घशात कडक गोळी अडकते, ते वेगळेच.

२०१४ पासून तिकडे पुष्कळ घरी निळसर-हिरवा रंगवलेला भोपळा दारात ठेवतात. इथे खाऊखेरीज भेटवस्तूही मिळेल, ही त्याची खूण. पेन्सिल, रंगीत खडू, चित्रांची पट्टी, असे काहीबाही. मला हे पटते. मात्र लहानग्यांना फुगे, गोट्या देऊ नयेत. बटणासारख्या सेलची खेळणी तर नकोच. गिळलेला सेल दोन तासांत अन्ननलिका जाळू शकतो. ज्यांची लेकरे-नातवंडे तिकडे आहेत त्यांनी फोनवर एवढे जरूर सांगावे.