मनाच्या दुःखास रसायन

भिवंडीजवळील वळ येथून एका वाचकभगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे दीर तेथील एका गोदामात हिशेबनीस आहेत. सहा महिने विषादाने त्यांस ग्रासले आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. परंतु दहा दिवसांत गुण न दिसल्याने सासूबाईंनी त्या बंद करविल्या. ‘मनाच्या दुःखास रसायन काय करणार?’ असे त्यांचे म्हणणे.

प्रश्न रास्त आहे, आणि त्याच्या उत्तराचा काही भाग आपल्याच प्रांतात घडला. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरील गुण जगापुढे मांडला. १९५२ साली सिबा कंपनीच्या स्विस संशोधकांनी तीतून रेसर्पिन वेगळे काढले. रक्तदाब उतरे, पण कित्येक रोग्यांची मनेही खचत. या औषधाने मेंदूतील सेरोटोनिनादी द्रव्यांचे साठे रिते होतात, असे पुढे आढळले. तेव्हा मनाच्या उभारीशी त्यांचा संबंध असावा, ही कल्पना बळावली. (द्रव्याची उणीव म्हणजेच विषाद, इतके हे सोपे मात्र नाही.)

रेसर्पिन काय किंवा सेरोटोनिन काय, दोन्ही विषमवलयी संयुगे होत. मोत्यांच्या कंठ्यात मध्येच पोवळे ओवावे, तसा त्यांच्या कार्बनच्या वलयात नायट्रोजन गुंफलेला असतो. १९५७ साली रोलंड कून यांनी विषादावर गुणकारी म्हणून जाहीर केलेले इमिप्रामिन याच जातीचे. त्याच धर्तीचे नायट्रॉक्सॅझेपिन तर सिबाच्या गोरेगाव येथील संशोधनशाळेत जन्मले. त्याच्या मधल्या वलयात नायट्रोजन व ऑक्सिजन दोन्ही आहेत.

दिरांस कोणत्या गोळ्या दिल्या, हे पत्रात नाही. तथापि जुन्या काय, नव्या काय, या गोळ्या म्हणजे झोपेचे औषध नव्हे. मनास उभारी येण्यास बहुधा दोन ते चार आठवडे लागतात. तोंडास कोरड, मलावरोध, मळमळ असले उपद्रव मात्र आधीच येतात. दहा दिवसांत निकाल लावणे म्हणजे पेरल्यावर तिसऱ्या दिवशी माती उकरून पाहणे होय! एका औषधाने गुण न आल्यास दुसरे देता येते. पण तो निर्णय डॉक्टरांचा.

जुन्या जातीच्या गोळ्या एकदम अधिक घेतल्यास हृदयास घातक ठरतात. म्हणून डबी सासूबाईंनीच आपल्यापाशी ठेवावी व रोजची मात्रा स्वहस्ते द्यावी. दिरांच्या तोंडी मरणाची भाषा आल्यास मात्र पुढील तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांस गाठावे.