शीर्षकाचे टंक आणि गळालेला बिंदू

भारतीय भाषांतील ग्रंथांचे इंग्रजी अनुवाद चाळताना मुखपृष्ठावर एक अक्षरवळण वारंवार भेटते. उभ्या रेघा भरदार, आडव्या केसासारख्या बारीक, टोकांशी सपाट सेरिफ. हे बोदोनीचे वळण होय. पार्मा येथील मुद्रक ज्याम्बातिस्ता बोदोनी (1740–1813) याने हे टंक ऐसपैस पानांसाठी घडविले. रुंद समास, गुळगुळीत कागद आणि ओळींतील मोकळी जागा यांवाचून त्यांची शोभा खुलत नाही. लहान आकारात बारीक रेघा तुटतात आणि मजकूर डोळ्यांपुढे लखलखू लागतो. तेव्हा शीर्षकासाठी तो जरूर वापरावा. तळटीपांसाठी वापरणे हा वाचकावर अन्याय आहे.

परंतु शीर्षकातही एक अडचण आहे आणि तिच्याकडे अभ्यासकांनी दुर्लक्ष केले आहे. या घाटाच्या अनेक शोभिवंत टंकांत लिप्यंतराची चिन्हे नसतात. मग ग्रंथाच्या आत काटेकोरपणे जपलेला अक्षराखालचा बिंदू मुखपृष्ठावर गळतो, किंवा दुसऱ्याच टंकातून उसना आणून चिकटविला जातो. ‘ळ’ आणि ‘ल’ यांतील भेद मराठीत अर्थभेदक आहे. ‘मूळ’ आणि ‘मूल’, ‘वेळ’ आणि ‘वेल’, ‘काळ’ आणि ‘काल’ रोमन लिपीत एकरूप झाले, तर मराठी न जाणणाऱ्या तमिळ वा बंगाली अभ्यासकाने काय वाचावे? ग्रंथसूचीत शीर्षक जाते ते पुष्कळदा मुखपृष्ठावरूनच, आणि चूक तेथून पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालते. युनिकोडमध्ये या चिन्हांची सोय झाली आहे. उरतो तो केवळ आळस. खुद्द बोदोनीने 1806 मध्ये ख्रिस्ती प्रभुप्रार्थना 155 भाषांत छापली होती. परभाषांचे एवढे अगत्य असलेल्या मुद्रकाच्या नावाने हा बिंदू गळावा, हे विपरीतच.

रोमन शीर्षकाशेजारी देवनागरी शीर्षक ‘जुळवून’ घेण्याचा हव्यास तर अधिकच घातक. बोरूची कलम रोमन लेखणीच्या उलट दिशेने तिरपी छाटलेली असते. त्यामुळे देवनागरीत जाड-बारीक रेघांची वाटणीच निराळी पडते. शिरोरेषा केसासारखी केली, की अक्षरे लोंबकळू लागतात. देवनागरीला भारदस्तपणा उसना आणण्याचे कारण नाही. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने एकोणिसाव्या शतकातच मुंबईत असे खिळे पाडले, की संस्कृत ग्रंथांचे मुद्रण म्हटले म्हणजे देशभरच्या पंडितांसमोर तेच वळण उभे राही. हार्वर्डने 2015 मध्ये सुरू केलेल्या मूर्ती ग्रंथमालेनेही भारतीय लिप्यांसाठी स्वतंत्र टंक करवून घेतले. तसा खर्च प्रत्येक प्रकाशकाला झेपणार नाही, हे खरे. पण टंक निवडण्यापूर्वी शीर्षक सर्व बिंदूंसह एकदा जुळवून पाहायला खर्च येत नाही, आणि ते जुळलेले शीर्षक अनुवादकाने स्वतः तपासल्यावाचून मुखपृष्ठ छापावयास जाऊ देऊ नये.