दोन्ही घरची पाहुणी

'दोन्ही घरचा पाहुणा उपाशी' अशी आपल्याकडे म्हण आहे. ती पुरुषावरून पडली असली, तरी मला ती बाईलाच अधिक लागू पडते असे वाटते. माहेरी ती 'परक्याचे धन' म्हणून वाढते आणि सासरी 'बाहेरून आलेली' म्हणून नांदते. घराच्या उताऱ्यावर नाव नवऱ्याचे आणि बापाच्या जमिनीचे हक्कसोडपत्र तिने भावाला कधीच लिहून दिलेले. सारे सुरळीत आहे तोवर हे कोणाच्या ध्यानात येत नाही. नवरा गेला, त्याने दुसरी आणली, मूल झाले नाही किंवा मनाचा तोल थोडा ढळला, की मग कळते. दोन घरांच्या या बाईला घर एकही नसते.

2011च्या जनगणनेने देशात सुमारे 17 लाख 73 हजार आणि महाराष्ट्रात दोन लाखांहून अधिक बेघर माणसे मोजली. पदपथावर, पुलाखाली, फलाटावर, देवळाच्या ओवरीत राहणारी ही माणसे. पण बेघर बाई अशी सहजासहजी मोजणीत सापडत नाही. ती पंधरा दिवस मावशीकडे काढते, महिनाभर बहिणीकडे. तेही दरवाजे मिटले, की दिव्याच्या उजेडाजवळ, चार बायकांच्या आडोशाला बसून रात्र काढते आणि सकाळी गर्दीत मिसळून जाते. दिसणे हाच तिला धोका असतो.

आमच्या आंबेगाव तालुक्यातल्या पारगावला भीमाशंकर साखर कारखाना आहे. हंगामात रस्ते उसाच्या गाड्यांनी भरून जातात. दोन हंगामांपूर्वी अशाच एका रस्त्यावरच्या शेडमध्ये पन्नाशीची एक बाई येऊन राहिली. गाव काही दगडाच्या काळजाचे नाही. कोणी भाकरी दिली, कोणी गोधडी, कोणी जुने लुगडे. आठ दिवसांत तिच्याजवळ चार साड्या झाल्या, पण बोलायला कोणी नव्हते. तेव्हा बचत गटातल्या आम्ही चौघींनी पाळ्या लावल्या. रोज संध्याकाळी एकीने अर्धा तास तिच्याजवळ जाऊन बसायचे, एवढेच. दहा दिवस ती एक अक्षर बोलली नाही. अकराव्या दिवशी शेंगा निवडता निवडता म्हणाली, "काल त्या निळ्या पातळातल्या ताई नाही आल्या." ती आमच्या पाळ्या मोजत होती!

त्यानंतर हळूहळू तिचे गाव कळले, नवऱ्याने दुसरा घरोबा केल्याचे कळले. पाय सुजले म्हणून तिला एका रुग्णालयात नेले, तर तिथे पहिला प्रश्न आला, "हिचे नातेवाईक कोण?" नातेवाईक नाही म्हटल्यावर कागद पुढे सरकेना. शेवटी आमच्यातल्या एकीने सही केली आणि नात्याच्या रकान्यात लिहिले, 'शेजारीण'. आज ती बाई एका आधारगृहात आहे, तिथल्या स्वयंपाकाला हातभार लावते. सासरी परत जायचे नाही, हा निर्णय तिचा स्वतःचा. आमच्यातली एकजण महिन्यातून एकदा तिला भेटून येते.

या कामाला आपल्या जिल्ह्यात मोठी परंपरा आहे. पंडिता रमाबाईंचे स्वतःचे बालपण आईवडिलांबरोबर तीर्थयात्रेच्या वाटांवर गेले. दुष्काळात ते दोघे गेल्यावर त्या भावासोबत देशभर पायी हिंडल्या. घर नसणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. 1889 साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणले. 1896-97च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि निराश्रित मुली-बायकांना केडगावला घेऊन आल्या. त्यांच्या धर्मांतरावरून झालेले वाद सर्वांना ठाऊक आहेत. पण केडगावच्या मुक्ती सदनात बायका शेती करीत, विणीत, छापखाना चालवीत, हेही तितकेच ठाऊक असायला हवे. नुसते छप्पर देऊन रमाबाई थांबल्या नाहीत.

आमच्या शेजारच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांनी रस्त्यावरच्या निराधारांना घरून अन्न नेऊन देण्यापासून सुरुवात केली. डबा खाऊन ती मनोरुग्ण बाई रात्री पुन्हा त्याच रस्त्यावर, त्याच धोक्यात राहते, हे उमगल्यावर 'माउली सेवा प्रतिष्ठान'चे घर उभे राहिले. आज तिथे अशा स्त्रियांबरोबर त्यांची मुलेही वाढत आहेत. रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवणाऱ्या डॉ. भरत वाटवानी यांना 2018 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मुंबईत 1988 साली सुरू झालेले त्यांचे काम पुढे कर्जतला विस्तारले.

पण प्रत्येकाने संस्था काढावी, असे माझे म्हणणे नाही. कायदा आपल्या बाजूला आहे. त्याला पाय फुटायला मात्र माणूस लागतो. 2005च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे, मग घर तिच्या नावावर असो वा नसो. निवाऱ्याची सोय आणि संरक्षण अधिकारी त्याच कायद्यात आहेत. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे मनोरुग्ण अवस्थेत भटकणाऱ्या व्यक्तीला संरक्षणात घेऊन 24 तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी नेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. कोठडीत ठेवणे नव्हे. 181 ही महिलांसाठीची मदतवाहिनी आहे. हे सगळे त्या शेडमधल्या बाईला कोण सांगणार? आणि सांगितले, तरी ठाण्याची पायरी ती एकटी चढणार आहे का?

स्वयंसेवकाचे काम इथे सुरू होते. संक्रांतीला एकदा ब्लँकेटे वाटून फोटो काढणे सोपे असते. पण ज्या बाईचा चेहरा सासरच्यांना दिसू नये, तिचा फोटो वर्तमानपत्रात येणे म्हणजे तिचा पत्ताच देणे. तिला न विचारता 'घरी पोचवणे' हेही पुण्य नव्हे. ज्या घरातून ती पळाली, त्याच घरात आपण तिला पुन्हा लोटत असू. तिला विचारावे, तिच्या उत्तराची वाट पाहावी आणि दिलेला शब्द पाळावा. बुधवारी येते म्हटले, की बुधवारीच जावे.

वस्तू आपण बऱ्याच देतो, कारण त्या देऊन मोकळे होता येते. या बाईचे घर नाती तुटल्यामुळे गेलेले असते. म्हणून तिला आधी हवे असते ते पुन्हा येणारे माणूस. आठवड्यातला एक तास, ठाण्यापर्यंतची एक फेरी, दवाखान्याच्या कागदावरची एक सही, एवढे आपल्यापैकी बहुतेकींना जमण्यासारखे आहे. शासनाच्या योजनेत सोबतीची तरतूद नसते. ती शेजाऱ्यांनीच करायची असते.