आवाज कमी करण्याआधी रबर बदला

वायरलेस इअरबड्सचा नवा डबा उघडला की बड्स कानात जातात, चार्जिंगची केबल खणात जाते आणि तळाशी असलेली छोटी प्लास्टिकची पिशवी डब्याबरोबर माळ्यावर जाते. त्या पिशवीत रबराच्या, खरे तर सिलिकॉनच्या, आणखी दोन जोड्या असतात. एक लहान, एक मोठी. बड्सवर बहुधा कारखान्यातूनच मधल्या मापाची जोडी चढवलेली असते आणि बड्सचे सगळे आयुष्य त्या मधल्या मापावर निघून जाते. चपला घेताना माणूस दोन-तीन जोड पायात घालून, दुकानात चार पावले चालून पाहतो. दिवसाचे चार-पाच तास कानात राहणाऱ्या वस्तूचे माप मात्र कोणी पाहत नाही.

बाब किरकोळ वाटेल. पण इअरफोनमुळे कान जातात अशी ओरड जेवढी होते, त्याच्या शतांशानेही ते कानात नीट बसतात की नाही याची चर्चा होत नाही. आणि माणूस आवाज वाढवतो त्याचे पहिले कारण बऱ्याचदा याच सैल बसण्यात असते.

सैल बड्समधून सर्वांत आधी निसटतो तो खर्ज. आतला स्पीकर नखाएवढा. बंद नळीतली चिमूटभर हवा हलवणे त्याला सहज जमते, पण कडेला फट राहिली की खालच्या पट्टीचे सूर तयार होता होताच विरतात. झांज, सतारीची तार, गाणाऱ्याचा ‘स’ हे वरच्या पट्टीतले आवाज तेवढे गळत नाहीत. मग गाणे पातळ, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे वाटते. ऐकणारा म्हणतो बेस नाही, आणि आवाज दोन घरे वर नेतो. खर्ज काही परत येत नाही. वरच्या पट्टीचे आवाज मात्र तेवढे मोठे होतात. मोठ्या आवाजाची पहिली इजा कानाच्या चाचणीत सहसा ४००० हर्ट्झच्या आसपास दिसते, म्हणजे वरच्या पट्टीतच.

त्याच फटीतून बाहेरचा गोंगाट आत येतो. एतिएन लोंबार या फ्रेंच कानतज्ज्ञाने १९११ मध्ये दाखवून दिले की गोंगाटात माणूस नकळत आपला आवाज चढवतो. ऐकतानाही तसेच होते. घरी रात्री निम्म्यावर पुरेसा असलेला आवाज लोकलच्या डब्यात शिरल्यावर, पंखे, रुळांचा खडखडाट आणि शेजारच्याच्या फोनवरचे व्हिडिओ यांच्यावर मात करायला, शेवटच्या टोकाला पोहोचतो. उतरल्यावर तो खाली आणायचे लक्षात राहत नाही.

यात नेमके काय पणाला लागते? एका कानात आवाज टिपणाऱ्या केसपेशी साधारण १५ हजार. आयुष्यभराचा साठा तेवढाच. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी मिळून ठरवलेल्या मानकानुसार मोठ्या माणसाने आठवड्याला ८० डेसिबलचा आवाज ४० तासांपर्यंत ऐकावा. त्यानंतरचा हिशेब सावकारी आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. आणि ९५ डेसिबलला आठवड्याचा कोटा सव्वा तासात संपतो. म्हणजे बड्स सैल बसतात म्हणून आवाज फक्त ६ डेसिबलने वाढवला, तरी ४० तासांची शिदोरी १० तासांवर येते. कानाला ६ डेसिबलचा फरक फार मोठा वाटतही नाही, हीच यातली अडचण.

सुरुवातीला काही जाणवत नाही. तासभर मोठ्याने ऐकल्यावर कानात शीळ वाजते, कापूस घातल्यासारखे वाटते, सकाळपर्यंत बरे वाटते. असे पुन्हा पुन्हा झाले की काही वर्षांनी त्या माणसाची तक्रार ‘ऐकू येत नाही’ अशी नसतेच. ‘आवाज येतो, शब्द कळत नाहीत’, अशी असते. समोरचा ‘सात’ म्हणाला की ‘हात’, हे गर्दीत ओळखता येत नाही, कारण स, श, फ यांसारखी व्यंजने वरच्या पट्टीत राहतात. साठीनंतर ऐकू येणारी ही तक्रार तिशीत आली, तर पुढे नोकरीची तीस वर्षे बाकी असतात.

केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यांना आणि वैद्यकीय महाविद्यालयांना पत्र पाठवून इअरफोनचा अनावश्यक वापर टाळावा, आवाज ५० डेसिबलपेक्षा जास्त नसावा, दिवसाला सरासरी दोन तासांपेक्षा जास्त वापर नसावा, असे कळवले. हेतू चांगला आहे. पण दोन माणसांचे साधे बोलणेच ६० डेसिबलच्या घरात असते. ५० डेसिबलचे गाणे धावत्या बसमध्ये ऐकूच येणार नाही, आणि आपल्या बड्समधून किती डेसिबल बाहेर पडताहेत हे बहुतेकांना मोजताही येत नाही. न पाळता येणारा सल्ला लोक ऐकून सोडून देतात. त्यापेक्षा ‘आधी माप बदलून पाहा, मग आवाज आपोआप खाली येईल’ हे सांगणे जास्त उपयोगाचे ठरले असते. डब्यावर ते मराठीत छापायलाही फारसा खर्च नाही.

आता बसवण्याविषयी. कानाची नळी मोठ्या माणसात सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते, आणि ती सरळ नसते, किंचित नागमोडी असते. बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, म्हणजे लवचिक; आतला हाडाचा. हाडावरची कातडी पातळ आणि फार हळवी. बड्सची जागा फक्त बाहेरच्या लवचिक भागात. जास्त आत खुपसले की जास्त चांगले, हा समज चुकीचा आहे. आत ढकलून ढकलून दुखणारा कान आणि तरीही बाहेर पडणारे बड्स, हे चुकीच्या मापाचे लक्षण आहे. सतत सुटत असेल तर एक माप मोठे, दाबल्यासारखे होत असेल तर एक माप लहान. दोन्ही कान एकसारखे असतीलच असे नाही, त्यामुळे डाव्या कानात मधले आणि उजव्यात मोठे असे वेगवेगळे रबर चढवायला काही हरकत नाही.

घालताना उजव्या कानाची पाळी डोक्यावरून डावा हात नेऊन वरच्या टोकाला धरावी आणि हलकेच वर व मागे ओढावी. नळीचा बाक सरळ होतो. कान तपासताना डॉक्टरही हेच करतात. दुसऱ्या हाताने बड आत ठेवावा, थोडा फिरवावा, दांडी असेल तर ती तोंडाच्या दिशेला यावी, आणि मग पाळी सोडावी. पाळी सुटली की कान स्वतःच रबराला धरतो. काढताना झटका न देता फिरवत काढावे, कारण घट्ट बसलेले रबर ओढले की पडद्यावर ताण येतो. बड घातल्याबरोबर खोकल्याची उबळ येत असेल तर घाबरू नये. नळीच्या कातडीत एक मज्जातंतू असतो, त्याच्याच शाखा घशाकडे जातात. काहींमध्ये तो जरा जास्त जागा असतो.

बरोबर बसले की नाही हे ओळखायला यंत्र लागत नाही. तबल्याची साथ असलेले कोणतेही ओळखीचे गाणे लावावे, आवाज निम्म्याच्या खाली ठेवावा आणि डग्ग्याचा घुमारा ऐकावा. चाटीची टणक थाप ऐकू येते पण घुमारा नाही, तर कुठेतरी फट आहे. बड बोटाने हलकेच दाबल्यावर घुमारा एकदम भरून आला, तर खात्रीच. मग तोंड उघडून-मिटून पाहावे. जबड्याचा सांधा नळीच्या अगदी पुढे असतो, त्यामुळे बोलताना, चघळताना नळीचा आकार बदलतो. गाणे ऐकताना घट्ट बसलेले बड्स फोनवर बोलता बोलता सैल पडतात ते यामुळेच. दिवसभर फोनवर बोलणे हेच ज्यांचे काम आहे, त्यांना सिलिकॉनऐवजी फोमचे रबर बरे पडते: बोटांत चिमटून आत ठेवायचे आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायचे. फोम घाम धरून ठेवतो, एवढी त्याची खोड. काही महागड्या बड्सचे ॲप ही फट स्वतः तपासते. डग्गा तेच काम फुकट करतो.

बाहेरचा आवाज खोडून काढणाऱ्या बड्सची आता चलती आहे. अमर बोस यांना ही कल्पना १९७८ मध्ये झुरिचहून निघालेल्या विमानात सुचली. बाहेरचा आवाज मायक्रोफोनने टिपायचा, त्याच्या नेमकी उलटी लहर कानात सोडायची, दोन्ही एकमेकांना मारतात. इंजिन, पंखा, एसी अशा संथ, खालच्या पट्टीच्या घरघरीवर हे उत्तम चालते. हॉर्न आणि माणसांच्या बोलण्यावर कमी. फट असेल तर तेही लंगडे पडते. गाडीत किंवा विमानात ऐकणाऱ्यासाठी ही खरोखर कानाला वाचवणारी सोय आहे. अट एकच, की मिळालेल्या शांततेत आवाज खाली आणला पाहिजे.

रस्त्यावर मात्र सगळेच उलटे. चालताना, रूळ ओलांडताना, दुचाकीवर बंद नळी हा धोका आहे. दुचाकीवर तर काहीच नको. हेल्मेटचे अस्तर बड्सना आत दाबते, दुखते ते वेगळेच. चालताना ऐकायचेच असेल तर बाहेरचा आवाज आत सोडणारी सोय चालू करावी किंवा एकच बड घालावा. रबर नसलेले, नळीच्या तोंडाशी नुसते टेकणारे बड्स रस्त्यावर चांगले आणि लोकलमध्ये वाईट. तिथे ते गोंगाट अडवत नाहीत आणि आवाज वाढवायला लावतात. एकच जोडी सगळीकडे चालवण्याचा हट्ट महागात पडतो.

काहींनी मात्र नळी बंद करूच नये. ज्यांचा कान वाहतो, पडद्याला भोक आहे, किंवा नळीत वारंवार बुरशी होते, त्यांच्यासाठी कानावरून बसणारे मोठे हेडफोन ठीक. दिवसाकाठी थोडाच वेळ, आणि चष्म्याची काडी गादीखाली दबून पुन्हा फट पडत नाही ना हे पाहून. कानशिलाच्या हाडातून आवाज पोहोचवणारे हेडफोनही चालतात. त्यांना ‘कानाला निर्धोक’ म्हणून विकले जाते ते खरे नाही. हाडातून गेला तरी आवाज शेवटी त्याच केसपेशींपर्यंत जातो.

पावसाळ्यात कोकण-मुंबईच्या दमट हवेत कानाच्या बुरशीचे रुग्ण वाढतात. आंघोळीनंतर ओल्या कानात बड्स घालणे म्हणजे बुरशीला ऊब आणि ओल दोन्ही पुरवणे. वर आठवड्याला कानात कोमट तेल सोडायची घरची पद्धत असेल तर विचारायलाच नको. कानातला मळ नळी स्वतःच हळूहळू बाहेर आणते. बड्स तासन्‌तास घातले की ती वाट अडते आणि कापसाच्या काडीने तोच मळ मागे ठोकला जातो. सिलिकॉनचे रबर आठवड्याला काढून साबणाच्या पाण्याने धुवावे, पूर्ण वाळवून चढवावे. जाळी कोरड्या ब्रशने साफ करावी. एक बड तुला, एक मला, ही कॉलेजातली वाटणी गोड दिसते, जंतूंनाही आवडते.

ब्लूटूथच्या लहरींनी मेंदूला काही होते का, हा प्रश्न हमखास येतो. बड्समधून निघणाऱ्या लहरींची ताकद कानाला लावलेल्या फोनपेक्षा खूप कमी असते. काळजी करायचीच तर आवाजाची करावी.

शेवटी एका गोष्टीकडे दुर्लक्ष होऊ नये. एका बाजूने आवाज कमी येऊ लागला की दोष बड्सना दिला जातो. आधी जाळीत मळ अडकला आहे का ते पाहावे. नसेल तर बड्स बाजूला ठेवून साधा फोन दोन्ही कानांना लावून पाहावा. त्यातही तोच कान कमी ऐकत असेल, तर बिघाड कानात आहे. मळ असला तर डॉक्टर काही मिनिटांत काढतात. पण मळ नसताना एका रात्रीत, एका कानाने कमी ऐकू येऊ लागले असेल, तर कानाच्या आतल्या नसेला अचानक झालेली ती इजा असू शकते. बऱ्याचदा तिचा इअरफोनशी काही संबंध नसतो. तिथे स्टेरॉइडचे उपचार जितके लवकर सुरू होतील तितके चांगले. आठ दिवस नव्या बड्सची ऑनलाइन मागणी येण्याची वाट पाहणाऱ्याचे ते आठ दिवस वाया जातात. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या कान-नाक-घसा विभागात जावे.