गिरणेची वाळू दरसाल पिकत नाही

जळगाव जिल्ह्यात गिरणेचे नाव निघाले की पाण्याच्या आधी वाळूची आठवण होते. वाळूगटांचे लिलाव, रात्रीचे डंपर, तहसीलच्या आवारात उभे असलेले जप्त ट्रॅक्टर आणि ग्रामसभांचे विरोधाचे ठराव यांत चाळीसगाव-भडगावपासून धरणगावपर्यंतच्या वाचकाला नवे काही नाही. चर्चा मात्र बहुधा चोरीपाशी येऊन थांबते. वाळू पावती फाडून नेली की अंधारात नेली, याचा हिशेब महसूल खात्याने ठेवावा; नदीच्या लेखी दोन्ही डंपर सारखेच. तिच्या बाजूने विचारायचा प्रश्न एवढाच, की नेलेली वाळू परत कधी तयार होणार? आपली लिलावपद्धत ती दर पावसाळ्यात नव्याने येते असे धरून चालते. गिरणा धरणाखालच्या पात्रापुरते तरी हे गृहीत मोजून सिद्ध होईपर्यंत लिलाव थांबले पाहिजेत, असे माझे मत आहे.

वाळू म्हणजे झिजलेला डोंगर. पुरात गोटे एकमेकांवर आपटतात, घासतात, त्यांचे कोपरे उडतात. खाली वाहत जाताना गोटा ठरावीक प्रमाणात हलका होत जातो, हा नियम स्टर्नबर्ग या अभ्यासकाने 1875 मध्ये ऱ्हाइन नदीवरून मांडला. पण ही झीज शेवटपर्यंत एका वेगाने चालत नाही. गोटा लहान झाला की त्याचा मार हलका होतो, आणि वाळूच्या कणाएवढा झाल्यावर दोन कणांमधले पाणीच उशीचे काम करते. डच भूवैज्ञानिक क्युनेन यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर केलेल्या प्रयोगांत दिसले की वाहत्या पाण्यात वाळूचा कण जवळजवळ झिजतच नाही. वाऱ्यावर मात्र तो कितीतरी पट झिजतो. वाळवंटातली वाळू म्हणूनच गुळगुळीत असते आणि सिमेंटमध्ये पकड धरत नाही. वाळूच्या डोंगरात बसलेले आखाती देश बांधकामाची वाळू आयात करतात ते यामुळेच. त्यात आपला दगड वाळूच्या बाबतीत कंजूष. ग्रॅनाइट फुटला की त्यातला क्वार्ट्‌झ, म्हणजे गारगोटीचा कण, वाळू होऊन टिकतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून झालेल्या काळ्या पाषाणात असा क्वार्ट्‌झ नसल्यातच जमा. जी काही गारगोटी आहे ती त्याच्या पोकळ्यांत. उरलेला बहुतेक पाषाण कुजून चिकणमाती होतो. कपाशीची काळी जमीन आणि गिरणेची वाळू एकाच दगडाची लेकरे, पण वाटणीत मातीला फार आले आणि वाळूला थोडे.

हे थोडेसुद्धा आता खाली पोचत नाही. गिरणा सह्याद्रीत, कळवणच्या बाजूला उगम पावते. तिची दगड दळण्याची खरी जागा तो चढउताराचा वरचा भाग. पण 1969 पासून पांझणजवळचे गिरणा धरण वाटेत आडवे आहे. जलाशयात पाणी संथ झाले की जड कण आधी तळाशी बसतात आणि सांडव्यावरून जाते ते गाळ टाकून आलेले पाणी. तरीही दरवर्षी उपशाचे खड्डे भरतातच ना, असा अनुभव नदीकाठची माणसे सांगतात. तो खराही आहे. मात्र खड्डा भरला म्हणजे नवी वाळू जन्मली असे होत नाही. ती वरच्या पात्रातून आणि काठांतून सरकून आलेली असते. धरणातून सुटलेले रिकाम्या हाताचे पाणी पात्र अधिकच खरवडते. एका खिशातले दुसऱ्या खिशात गेले, एवढाच त्याचा अर्थ. तितूरसारखी उपनदी धरणाच्या खाली येऊन मिळते आणि पुरात भरपूर काही आणते, हे मान्य. किती आणते आणि त्यात वाळू किती, माती किती, हेच तर मोजायचे आहे.

नुकसान वाळूचेच असते तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. वाळूच्या थरात साधारण एक तृतीयांश जागा पोकळ असते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. ती उचलली की सुमारे नऊशे लिटर पाणी साठवणारी, गाळून काठच्या विहिरींना देणारी जागा कायमची जाते. सरकारने 2023 च्या धोरणात ब्रासचा दर 600 रुपये ठरवला, त्यात या जागेचे मोल धरलेले नव्हते. मोटरपंप आणखी खोल सोडण्याचा खर्च शेतकरी भरतो, आणि तो कुठल्याच लिलावाच्या कागदावर येत नाही.

घरे मग कशाने बांधायची? हा आक्षेप वाजवी आहे. घरकुलाच्या लाभार्थ्याला नदीचे तत्त्वज्ञान सांगून त्याची भिंत उभी राहणार नाही. नदीला हजारो वर्षे लागतात ते काम क्रशर मिनिटांत करतो, आणि भारतीय मानक 383 ने दगड फोडून केलेल्या वाळूला मान्यता दिलेली आहे. तिचे कण टोकदार, गिलाव्याला खरखरीत, ही गवंड्यांची तक्रार खोटी नाही. पण दगडावर दगड आदळणाऱ्या यंत्रात ती टोके बरीच मोडतात आणि धुतल्यावर भुकटी निघते. डोंगर पोखरले जातील ही भीतीही रास्त. धुळे-नंदुरबारकडे भिंतींसारख्या धावणाऱ्या कठीण पाषाणाच्या रांगा, ज्यांतली एक 79 किलोमीटर लांब आहे, खाणीसाठी मुळीच देऊ नयेत. तरी खाण नकाशावर आखता येते, तिच्याभोवती कुंपण घालता येते. वाहत्या नदीतला उपसा कुठल्या विहिरीला भोवेल हे आखून ठरत नाही.

नेलेली वाळू किती परत भरते याचा, म्हणजे पुनर्भरणाचा, अभ्यास नसलेल्या जिल्हा सर्वेक्षण अहवालावर वाळूला पर्यावरण मंजुरी देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा तुमच्या गावचा वाळूगट लिलावाला निघाला, तर ग्रामसभेत हात वर करून एकच आकडा मागा: गेल्या पावसाळ्याआधी पात्राची पातळी किती होती आणि पावसाळ्यानंतर किती झाली? आकडा मिळाला नाही, तर ठरावावर सही करू नका.