वारा तोडणारे

जानेवारीत आपला रस्ता कापसाचा. बडनेऱ्याहून मूर्तिजापूरकडे सायकल काढली की खच्चून भरलेली एखादी ट्रॉली पुढे लागतेच. तिच्या मागे चिकटलं की वारा तुटतो, पायडल हलकं होतं. नाकातोंडात कापसाचे पुंजके जातात, ते वेगळं. (हा प्रयोग करू नका, ट्रॉलीला मागचा दिवा क्वचितच असतो.)

१९ ते २३ जानेवारी २०२६ ला होणाऱ्या ‘पुणे ग्रँड टूर’ या सायकल शर्यतीत ट्रॉलीचं हे काम संघातले सोबती करतील. आपल्या नायकासाठी तासन् तास वारा अंगावर घ्यायचा आणि शेवटच्या चढावर बाजूला व्हायचं. आम्हाला विजेत्यापेक्षा हीच माणसं बघायची आहेत. प्रोलॉग (सलामीची छोटी फेरी) आणि चार टप्पे मिळून ४३७ किलोमीटर. रोजच्या वेळेची बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो पहिला. त्यासाठी एकही टप्पा जिंकायची गरज नाही. त्याच वर्षी जुलैत बार्सिलोनाहून सुटणाऱ्या टूर द फ्रान्सचे टप्पे २१ आणि दर्जा कितीतरी वरचा, पण हिशेब हाच.

आणि आपण? जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत पडलं, गिनेस बुकात नोंद झाली. विक्रम रस्ता करणाऱ्यांचा झाला. त्यावर पळणाऱ्यांचा अजून व्हायचाय. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट एखाद्या टप्प्यात कोण घालतो, ते बघू. तोवर पुण्याच्या घाटांचा नकाशा आतल्या पानांत दिला आहे.